कोयनेच्या पावसात एकच सुपरझूम की वेगवेगळ्या लेन्स? तुम्ही पाहुणे आहात की राहणारे, त्यावर ठरतं

पावसाळ्यात आमच्या डिजिटल डेस्कवर रोज सकाळी तीन नावं हमखास येतात: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. चोवीस तासांत किती मिलिमीटर पडला, एक जूनपासून एकूण किती झाला, धरणात किती टीएमसी पाणी आलं. आकडे भरायचे, वर धरणाचा फोटो लावायचा आणि बातमी सोडायची. मोसमातला नवज्याचा आकडा पाच हजारांच्या पुढे गेला तरी आता डेस्कवर कुणी मान वर करून बघत नाही. पण हे आकडे फुगायला लागले की ओळखीतल्यांचे मेसेज मात्र सुरू होतात. 'वीकेंडला कोयनेला चाललोय, कॅमेरा घ्यायचाय. एकच मोठी झूम घेऊ की दोन-तीन लेन्स वेगळ्या?'

एरवी मी दोन ओळींत उत्तर देऊन सुटते. या वेळी प्रश्न घरातून आला.

माझ्या मामांचं गाव हेळवाकच्या बाजूला, कोयनानगरच्या जरा अलीकडे. पाटण तालुक्यातल्या कितीतरी घरांसारखं त्यांचंही घर दोन ठिकाणी वाटलेलं आहे. मामा वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी, मामी आणि मुलगा गावाकडे. मुलाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, घराच्या दोन खोल्या होमस्टेसाठी काढल्या आहेत. त्याला कॅमेरा हवाय. पाहुण्यांना आकर्षित करायला फोटो हवेत, हिवाळ्यात लोकांना पक्षी दाखवायला न्यायचं तर तेही टिपायचेत, आणि जमलं तर आसपासच्या हळदी-बारशांची कामंही घ्यायचीत. मामांनी साठ हजार बाजूला काढले. मला फोन करून म्हणाले, "पोरी, तू इंजिनिअर हाईस. एकदाच घ्यायचंय. चुकायला नको."

पाठीवर पोती वाहून जमवलेले साठ हजार. इथे दोन ओळींचं उत्तर चालणार नव्हतं.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. कोयनेला पाहुणे म्हणून जाणार असाल तर एकच सुपरझूम घ्या आणि जाणकारांनी नाकं मुरडली तरी लाजू नका. तिथे राहणार असाल, किंवा पुन्हा पुन्हा जाणार असाल, तर वेगळ्या लेन्स घ्या. या निवडीचा संबंध चित्राच्या दर्जाशी जितका आहे, त्याहून जास्त तुमच्याकडे असलेल्या वेळेशी आहे.

सुपरझूम म्हणजे नेमकं काय?

लेन्सवर लिहिलेलं १८-५५, ५५-२५० किंवा १८-३०० हे माप फोकल लेंथचं, मिलिमीटरमधलं. आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, आकडा मोठा तेवढं दूरचं जवळ. १८ ला शिवसागर जलाशय आणि त्यामागची डोंगररांग एका चौकटीत बसते, ३०० ला पलीकडच्या काठावरचं एखादंच झाड. मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागलं की झूम किती पट ते कळतं. १८-५५ ही तीन पट, ५५-२५० साडेचार पट, १८-३०० जवळपास सतरा पट. रुंद दृश्यापासून दूरच्या पक्ष्यापर्यंत सगळं एकाच नळीत कोंबलेली लेन्स ती सुपरझूम.

कोंबलेली हा शब्द मुद्दाम वापरला. १९५९ मध्ये फोइग्टलेंडर कंपनीने 'झूमार' आणली. ३५ मिलिमीटरच्या फोटो कॅमेऱ्यासाठीची ती पहिली झूम. माप ३६-८२, म्हणजे सव्वादोन पट. १९९२ मध्ये टॅमरॉनची २८-२०० आली, २००५ मध्ये निकॉनची १८-२००, आणि २०१७ मध्ये टॅमरॉनने १८-४०० काढून पट बावीसवर नेली. लेन्सच्या आत काचांचे गट पुढेमागे सरकत असतात. एकाच मापाची लेन्स बनवायची तर त्या मापाला येणारे दोष दुरुस्त केले की झालं. सतरा पटींच्या लेन्समध्ये त्याच काचांनी १८ लाही सरळ रेषा सरळ दाखवायची आणि ३०० लाही पक्ष्याचं पीस वेगळं दाखवायचं. दोन्ही कामं पूर्ण जमत नाहीत. म्हणून १८ ला कडेच्या रेषा फुगतात, ३०० ला चित्र थोडं मऊ येतं.

गॅरेजमध्ये रिंग पान्यांचा सेट असतो आणि एक ॲडजस्टेबल पाना असतो. मेकॅनिक सेट वापरतो, कारण नट घट्ट धरला जातो. पण घाटात गाडी बंद पडली आणि डिकीत एकच पाना ठेवायची मुभा असेल तर तो ॲडजस्टेबल पानाच ठेवेल. या वादात मला आणखी सांगण्यासारखं फारसं नाही, पण आकडे बघितल्याशिवाय साठ हजार खर्च करता येत नाहीत.

उजेडाचा हिशेब

लेन्सवर दुसरा एक आकडा असतो, एफ ३.५-६.३ असा. त्याला एफ नंबर म्हणतात. फोकल लेंथला लेन्सच्या उघडीपच्या रुंदीने भागलं की तो मिळतो. आकडा जितका लहान तितका उजेड जास्त, आणि उजेड त्या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. सुपरझूम ५० मिलिमीटरला साधारण एफ ५ पर्यंतच उघडते. त्याच मापाची साधी, झूम नसलेली ५० ची लेन्स एफ १.८ ला उघडते. पाच भागिले एक पूर्णांक आठ, त्याचा वर्ग करा: जवळपास आठ पट उजेड. रात्रीच्या मांडवात, ट्यूबलाइटच्या प्रकाशातल्या हळदीत हा आठ पटींचा फरक म्हणजे फोटो येणं आणि न येणं. ही लेन्स स्वस्तातली असते आणि वजनाला हलकी. कॅननची ५० एफ १.८ एसटीएम अवघी १६० ग्रॅमची आहे.

आता दुकानदार ज्याला 'डबल किट' म्हणतात ते बघू: १८-५५ आणि ५५-२५०. लोकांना वाटतं दोन लेन्स वेगळ्या घेतल्या म्हणजे उजेड वाढला. नाही वाढत. ५५-२५० दूरच्या टोकाला एफ ५.६ ला उघडते, सुपरझूम एफ ६.३ ला. वर्ग करून बघितलं तर फरक फक्त चौथाईचा, तो डोळ्याला कळतही नाही. वेगळ्या लेन्स म्हणजे आपोआप चांगल्या लेन्स, हा समज इथेच सोडून द्यावा.

वजनाची गंमत उलटी आहे. 'एकच लेन्स म्हणजे हलकं' असं सगळे म्हणतात. टॅमरॉनची १८-४०० सुमारे ७०० ग्रॅम भरते. कॅननची एफ ४-५.६ वाली १८-५५ आणि ५५-२५० मिळून ५९० ग्रॅम. सुपरझूममुळे खांद्यावरचं वजन कमी होत नाही. पिशवी उघडायचे प्रसंग मात्र कमी होतात, आणि पाहुण्याला तेच लागतं.

पाहुण्याचे तीन दिवस

जुलैमधला शनिवार धरा. कराडहून पाटणमार्गे तुम्ही कोयनानगरला पोहोचता तेव्हा दुपार झालेली असते आणि पाऊस आडवा असतो. नेहरू उद्यानातून धरण दिसतं, मधे ढग येतो, धरण जातं. दोन मिनिटांनी ढग सरकतो. तेव्हा रुंद दृश्य हवं असतं. लगेच समोरच्या कड्यावरून कोसळणारा एक धबधबा दिसतो, तिथे २०० लागतं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कॅमेरा. लेन्स बदलायची तर एक कॅप तोंडात, एक लेन्स काखेत, आणि कॅमेऱ्याचा उघडा सेन्सर तुषारांकडे तोंड करून. सवयीच्या माणसालाही अर्धा मिनिट लागतं. तोवर ढग परत आलेला असतो. ओझर्डेला तर धबधब्याचे तुषार भिजवतात, तिथे लेन्स बदलायचा विचारही करू नये.

(धरण आणि वीजगृहं संवेदनशील ठिकाणं आहेत. मनाईचा फलक असेल तिथे लेन्स कुठली हा प्रश्नच येत नाही, कॅमेरा पिशवीत ठेवायचा.)

आणि एक गोष्ट पर्यटकांच्या लक्षात येत नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पावसाळ्यात पर्यटनासाठी बंद असतो. म्हणजे ज्या महिन्यांत सर्वांत जास्त लोक कोयनेला येतात, त्याच महिन्यांत जंगलात जाता येत नाही. 'वाइल्डलाइफसाठी' म्हणून घेतलेली दोन किलोची १५०-६०० लेन्स त्या तीन दिवसांत हॉटेलच्या कपाटातच राहते. पावसाळी पाहुण्याचे विषय म्हणजे डोंगर, ढग, धबधबा, भातखाचरं, चहाच्या टपरीवरचे सोबती आणि एखादा तारेवर भिजत बसलेला खंड्या. यातलं सगळं १८-३०० मध्ये बसतं. खंड्याचं पीस मऊ येईल, येऊ दे. आमच्या साइटवर फोटो हजार-बाराशे पिक्सेल रुंदीने जातो, तुमच्या व्हॉट्सॲपवर त्याहूनही दाबून. तेवढ्यात तो मऊपणा मलाही दिसत नाही, आणि मी रोज फोटो तपासते.

सुपरझूमचा आणखी एक गुण कासला कळतो. तिथल्या सड्यावरची सीतेची आसवे नखाएवढी असतात. टॅमरॉनच्या १८-३०० ची १८ ला फोकस करायची किमान मर्यादा १५ सेंटिमीटर आहे आणि त्या अंतरावर फूल खऱ्या आकाराच्या निम्म्याइतकं सेन्सरवर उतरतं. वेगळ्या मॅक्रो लेन्सची जागा ती घेणार नाही, पण पाऊलवाट न सोडता फुलांचा चांगला फोटो देते. दूरच्या टोकाला मात्र उलटा अनुभव येतो. बऱ्याच सुपरझूम जवळच्या वस्तूवर फोकस करताना आतल्या आत दृश्य रुंद करतात. तीन मीटरवरच्या पक्ष्यावर ३०० लावलं तरी प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास असल्यासारखा तो छोटा दिसतो. लेन्स बिघडलेली नसते, तिची रचनाच तशी असते.

पावसाचा फटका सुपरझूमलाही बसतो. झूम करताना नळी बाहेर येते, परत आत जाते. प्रत्येक वेळी ती भात्यासारखी हवा ओढते, आणि कोयनेच्या हवेत पाणीच असतं. माझी पहिली सुपरझूम मी अशीच एका जुलैत वापरली, घरी आल्यावर ओली पिशवी तशीच कपाटात टाकली आणि दिवाळीत बाहेर काढली. पुढच्या काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुरुस्तीवाल्याने लेन्स उजेडाकडे धरली आणि न बोलताच मान हलवली. चूक सर्वस्वी माझी होती. परतल्यावर लेन्स कोरड्या कपड्याने पुसायची, पंख्याखाली रात्रभर ठेवायची आणि सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवायची. तांदळात ठेवू नका. तांदळाची पूड लेन्सच्या खाचांत शिरते.

राहणाऱ्याचं गणित

आता मामेभावाकडे येऊ. तो पाहुणा नाही. त्याच्या ओट्यावर छप्पर आहे. पाऊस थांबेपर्यंत तो बसू शकतो, लेन्स कोरड्या हातांनी बदलू शकतो, आणि आज जमलं नाही तर उद्या आहे. जुलैच्या पहाटे घरामागच्या ओढ्यावर शीळ घालणारा कस्तुर कुठल्या दगडावर येतो ते त्याला माहीत आहे. कुठलं उंबराचं झाड कधी पिकतं आणि त्यावर धनेश कधी उतरतात तेही. शेकरू म्हटलं की पाहुणा 'दिसलं तर' म्हणतो. मामेभाऊ 'साडेसातच्या सुमाराला' म्हणतो.

अशा माणसाला सतरा पट झूम नको असते. आज काय टिपायचं ते त्याला निघतानाच माहीत असतं, म्हणून त्या एकाच कामाची लेन्स घेऊन तो निघू शकतो.

पण जंगलातला उजेड त्यालाही चुकत नाही, आणि इथे कुठल्याही स्वस्त लेन्सची परीक्षा होते. इथलं जंगल सदाहरित आणि निमसदाहरित. डिसेंबरातही फांद्यांखाली अंधारून आलेलं असतं. समजा आयएसओ ३२०० ठेवून एफ ६.३ ला कॅमेरा १/६० सेकंदाचा शटर स्पीड दाखवतोय. फांदीवर हलणाऱ्या शेकरूला निदान १/५०० हवा, नाहीतर शेपटी धुरकट येते. आठ पट उजेड कमी पडतोय. आयएसओ २५,६०० पर्यंत चढवायचा तर फोटो रव्यासारखा दाणेदार. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, शेकरूला नाही. एफ ५.६ च्या लेन्सने हा आकडा वीस हजारांवर येतो, म्हणजे फार काही साधत नाही. एफ २.८ ची लेन्स पाच हजारांवर आणते, पण ३०० मिलिमीटर एफ २.८ या लेन्सची किंमत ऐकून मामा फोन ठेवतील.

मग राहणारा काय करतो? त्याच्याकडे वेळ असतो, आणि तो ती किंमत वेळेने भरतो. ऊन फांद्यांमधून खाली येतं त्या अर्ध्या तासात जातो. झाडाजवळ इतक्या वेळा बसतो की शेकरू त्याला घाबरायचं सोडतं, आणि २५० पुरतं. सुपरझूमला जे दुरून ओढून आणावं लागतं त्याच्याजवळ तो आधीच बसलेला असतो.

याचा टोकाचा पुरावा याच जंगलात आहे. २०१८ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघाचा फोटो मिळाला, तो वन विभागाच्या कॅमेरा ट्रॅपने काढलेला. कॅमेरा ट्रॅप म्हणजे झाडाला बांधलेला एक डबा, आत झूम नाही, लेन्स बदलायची सोय नाही. समोर हालचाल झाली की तो फोटो घेतो. लेन्सची श्रीमंती म्हणाल तर शून्य. तो फक्त दिवसरात्र तिथे होता.

सगळीकडे हेच लागू होईल असं नाही. सांगलीकडे सागरेश्वरला गेलात तर जंगल कोरडं, उजेड भरपूर, अंतर मध्यम. तिथे एफ ६.३ ची सुपरझूम हिवाळ्यात मजेत चालते, पाहुण्यालाही आणि राहणाऱ्यालाही. खटाव तालुक्यात मायणीच्या तलावावर प्रश्न उजेडाचा नसून अंतराचा आहे. पाण्याच्या मधोमध उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांना ३०० म्हणजे काहीच नाही.

आणि ते एकच अखंड कॅमेरे?

मायणीसारख्या ठिकाणी लोक हमखास दुसरा पर्याय विचारतात: लेन्स न बदलणारे, भल्यामोठ्या झूमचे कॅमेरे. निकॉनचा पी ९०० हा २०१५ मध्ये आला, ८३ पट. २०१८ चा पी १००० तर १२५ पट, '३००० मिलिमीटर'. हा आकडा खोटा नाही, पण अर्धवट आहे. त्याची खरी फोकल लेंथ ५३९ मिलिमीटर. सेन्सर इतका छोटा, सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, की मधला तुकडा कापून घेतल्यासारखं दृश्य ३००० सारखं दिसतं. साध्या डीएसएलआरचा सेन्सर क्षेत्रफळाने याच्या बारा-तेरा पट मोठा असतो.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला फिजिक्समध्ये एअरी डिस्क शिकवतात. परीक्षेनंतर मला ती पहिल्यांदा इथे उपयोगी पडली. प्रकाशाचा बिंदू कितीही नेमका असला तरी लेन्सच्या उघडीपमधून जाताना त्याची छोटी थाळी होते. एफ ८ ला तिचा व्यास १०.७ मायक्रॉन. पी १००० पूर्ण झूमला एफ ८ लाच असतो आणि त्याचा एक पिक्सेल सुमारे १.३ मायक्रॉनचा. म्हणजे एकच बिंदू आठ पिक्सेल रुंद पसरतो. कंपनीने कितीही चांगली काच लावली तरी यातून सुटका नाही. त्यात दुपारी तलावावरची तापलेली हवा थरथरत असते, ती वेगळीच. तरीही तलावापलीकडचा पक्षी कोणता हे ओळखण्यापुरता फोटो हा कॅमेरा देतो, आणि नोंदी ठेवणाऱ्या पक्षीनिरीक्षकाला तेवढं पुरतं. कोयनेच्या झाडीत, संध्याकाळी, तो निकामी आहे.

गंमत म्हणजे तुमच्या खिशातल्या मोबाइलने हा वाद कधीच सोडवलाय. मागे तीन गोल दिसतात ना, त्या तीन वेगळ्या लेन्स. मोबाइलच्या जाडीत सुपरझूमच्या सरकत्या काचा मावत नाहीत, म्हणून बहुतेक कंपन्यांनी 'वेगळ्या लेन्स' हाच मार्ग घेतला. मधल्या झूमला सॉफ्टवेअर तुकडा कापतं. रुंद दृश्यासाठी मोबाइल आता इतका चांगला झालाय की कॅमेऱ्याकडून प्रामुख्याने दूरचं आणि अंधारातलं मागावं. मामेभावाच्या खरेदीत हा मुद्दा शेवटी बराच कामी आला.

घेण्याआधी एक काम करा

तुमच्याकडे कुठलीही झूम असेल, मित्राची असली तरी चालेल, तर जुने फोटो तपासा. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो कोणत्या मापाला, किती एफला, किती शटरला काढला ते लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतं. हजारो फोटो असतील तर एक्झिफटूल नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्याची यादी काढून देतं. मी माझ्या सुपरझूमच्या दिवसांतली यादी काढली तर दोन डोंगर आणि मध्ये दरी. बहुतेक फोटो एकतर १८ ला किंवा ३०० ला, मधलं जवळपास रिकामं. सतरा पटींचे पैसे दिले आणि वापरली दोन टोकं. तुमचा आलेख वेगळा निघेल. मधे उंच निघाला तर तुम्ही लोकांचे फोटो काढता, आणि तुम्हाला एक ५० ची लेन्स हवी आहे, सुपरझूम नको.

हे जमत नसेल तर भाड्याने आणा. पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्यावर मिळतात. मी आणि मामेभावाने तसंच केलं. एक सुपरझूम आणि एक डबल किट, दोन दिवस, त्याच्याच गावात. पहिल्या दिवशी पाऊस होता. माझ्याकडे सुपरझूम होती आणि मी त्याच्या तिप्पट फोटो काढले. त्याचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली. तो ५५-२५० घेऊन एकटाच ओढ्याकडे गेला, दीड तासाने आला आणि कस्तुराचे नऊ फोटो दाखवले. माझ्या शेकडो फोटोंमध्ये त्या नवांच्या तोडीचा एकही नव्हता.

मग ठरलं. वापरलेली पण शटर काउंट तपासून घेतलेली बॉडी, १८-५५, ५५-२५० आणि ५० एफ १.८. एक जादा बॅटरी, पावसाचं कव्हर, सिलिका जेल. उजेडाच्या बाबतीत डबल किट सुपरझूमपेक्षा फार पुढे नाही हे मीच वर लिहिलंय, तरी तेच घेतलं, कारण राहणाऱ्याला पुढचाही विचार करावा लागतो. दोन वर्षांनी धंदा चालला तर ५५-२५० विकून मोठी टेलिफोटो घेता येईल, बाकी सगळं तसंच राहील. सुपरझूमचा अर्धाच भाग बदलता येत नाही. शिवाय ऐन मोसमात एक लेन्स बिघडली तर दुसरी हातात असते. गावापासून दुरुस्तीचं दुकान लांब आहे, आणि लेन्स शहरात पाठवून परत येईपर्यंत पाहुण्यांचा हंगाम संपतो.

५० च्या लेन्सने आधीच दोन बारसं आणि एक हळद झाली. हळदीचे पैसे त्याने मामांना पाठवले, मामांनी ते परत पाठवले आणि सांगितलं की ट्रायपॉड घे.

मी जुलैत जाणार आहे. पाहुणी म्हणून, नव्या सुपरझूमसकट. "ताई, ओझर्ड्याला कॅमेरा पिशवीतनं काढायचा न्हाई," असं त्याने आत्ताच बजावून ठेवलंय.